घर आहे म्हणून बाकीचं सोडू नका

पत्र

माझी सून फ्रान्सची, लियों शहरातली. लग्नाला चार वर्षं झाली, नातू दोन वर्षांचा आहे. आम्ही सगळे सुदामा नगरात एकत्रच राहतो. सुनेचं ओसीआय कार्ड (परदेशी पासपोर्ट ठेवून भारतात व्हिसाशिवाय राहता-काम करता येतं ते) मागच्या वर्षी आलं. आता इथल्याच एका आंतरराष्ट्रीय शाळेनं तिला सहावी ते दहावीला फ्रेंच शिकवायला बोलावलंय. पगार महिना ५८,००० सांगताहेत, त्यात बेसिक २२,०००, आणि करार ११ महिन्यांचा. त्याच शाळेत फिजिक्स शिकवणारे इंग्लंडचे एक सर आहेत. त्यांना फ्लॅट, वर्षातून एकदा विमानाचं भाडं, विमा असं सगळं आहे, आणि पगार तर दुपटीहून जास्त. सुनेनं विचारलं तर शाळावाले म्हणाले, "तुम्ही तर आता इथल्याच. घर आहे, कार्ड आहे. तुम्हाला लोकल स्टाफचेच नियम." मुलगा म्हणतो, जाऊ दे, घर तर आहेच ना आपलं. सून गप्प झाली आहे. मला हे बरोबर वाटत नाही, पण मागायचं तर काय आणि कसं? मागितलं तर वाईट तर नाही दिसणार? दहा दिवसांत उत्तर द्यायचं आहे.

— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर

ताई, तुम्हाला जे खटकलं ते बरोबर खटकलं. सूनबाई इंदूरच्या झाल्या म्हणून शाळेचा खर्च वाचतो, त्यांचा स्वतःचा खर्च मात्र वाचत नाही. आई-वडील लियोंतच आहेत, पासपोर्ट फ्रेंचच आहे, भविष्य निर्वाह निधीचे (पीएफचे) नियमही परदेशी माणसाचेच लागणार आहेत. लग्नानं यातली एकच गोष्ट बदलली, ती म्हणजे राहायचं घर. तेव्हा घर सोडा आणि बाकी प्रत्येक गोष्टीवर बोला. मागणीचा सगळा पाया हाच ठेवा.

आधी त्या फिजिक्सच्या सरांचं, कारण पहिली चूक तिथेच होते. "त्यांना देता, मग मला का नाही?" असं सूनबाईंनी अजिबात म्हणू नये. परदेशी माणसाला भारतात एम्प्लॉयमेंट व्हिसावर नोकरीला ठेवायचं तर वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये द्यावे लागतात. यात करपात्र सवलतींची किंमतही धरता येते. त्या सरांचा पगार दुपटीहून जास्त असण्यामागे त्यांच्या गुणांइतकाच हा नियमही असू शकतो. इंग्रजी सोडून इतर भाषा शिकवणाऱ्यांना या मर्यादेतून सूट आहे, म्हणजे फ्रेंच शिक्षिकेला व्हिसावर आणलं असतं तरी शाळेवर ही सक्ती नव्हती. आणि ओसीआय कार्ड आल्यावर तर व्हिसाच लागत नाही. कार्डामुळे सूनबाई मोकळ्या झाल्या हे खरं, पण पगार अमुकपेक्षा कमी नको असं शाळेला सांगणारा कायदाही त्याच वेळी बाजूला झाला. आता आकडा ठरतो तो बोलणीतूनच. सरांचं उदाहरण दिलं की प्राचार्य व्हिसाचा नियम दाखवतील आणि बोलणं तिथेच संपेल.

म्हणून हिशेब दुसऱ्या बाजूनं मांडायचा. फ्रेंच शिकवायला शाळेनं फ्रान्सहून कोणाला आणलं असतं तर काय लागलं असतं? फ्लॅटचं भाडं महिना २५,००० धरलं तर वर्षाचे ३,००,०००. विमानाचं जाऊन-येऊन ९०,००० धरा. झाले ३,९०,०००, आणि व्हिसाची कागदपत्रं, एजन्सीची फी, पहिल्या महिन्याचं हॉटेल वेगळं. शिवाय असा माणूस दोन वर्षांत परत जातो आणि शाळेला पुन्हा शोधाशोध करावी लागते. सूनबाई कुठे जाणार नाहीत, त्यांचं घरच इथे आहे. शाळेच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट आहे आणि ती सूनबाईंनी स्वतः बोलून दाखवायला हवी. आकडे आम्ही अंदाजानं धरलेत. तुमच्या भागातलं भाडं आणि सुट्टीच्या तारखांचा तिकीटदर बघून ते बदलून घ्या. या वाचलेल्या चार लाखांतले साधारण निम्मे वेगवेगळ्या रूपांत मागायचे, हा आमचा सल्ला.

आता काय काय मागायचं ते. सगळ्यात आधी कराराचे महिने, कारण इथेच सर्वांत जास्त पैसे जातात आणि लक्ष सर्वांत कमी जातं. ११ महिन्यांच्या करारात सुट्टीतल्या एका महिन्याचा पगार सरळ बुडतो, म्हणजे वर्षाला ५८,०००. त्याहून वाईट म्हणजे दर वर्षी सेवा तुटते. ग्रॅच्युइटीचा कायदा शिक्षकांनाही लागू आहे. २००९ च्या दुरुस्तीनं तो ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरला गेला. दर वर्षाच्या सेवेला शेवटच्या वेतनाच्या हिशेबानं १५ दिवसांचे पैसे मिळतात, आणि महिना २६ दिवसांचा धरतात. कायम नोकरीत त्यासाठी पाच वर्षं लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षानंतरही प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे. ११ महिन्यांवर करार तोडला की वर्ष भरलं की नाही या वादाला जागा राहते, आणि तो वाद शिक्षिकेलाच लढावा लागतो. म्हणून करार २४ महिन्यांचा मागा, निदान पूर्ण १२ महिन्यांचा, आणि त्यात "सुट्टीच्या काळासह" हे शब्द असू द्या. दुसरं बाळ व्हायचं मनात असेल तर याचं महत्त्व आणखी वाढतं. प्रसूतीपूर्वीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असेल तर २६ आठवड्यांची भरपगारी रजा हा हक्क आहे. ती मागायची गरज नाही, पण करारात खंड पडून ती अडकायला नको.

मग बेसिक. ५८,००० पैकी २२,००० म्हणजे जेमतेम ३८ टक्के. नव्या कामगार संहितांमध्ये वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. म्हणजे या पगारात वेतन किमान २९,००० धरायला हवं. पत्रकच तसं करून मागा. एकूण आकडा तोच राहतो, पण पीएफ आणि ग्रॅच्युइटी दोन्ही वाढतात. आणखी एक विचारून घ्या: स्वतःच्या घरात राहणाऱ्या बाकी शिक्षकांना एचआरए (घरभाडे भत्ता) मिळतो का? मिळत असेल तर "तुम्हाला घर आहे" म्हणून तो सूनबाईंचाच कापायला काही कारण नाही.

पीएफबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण शाळांचे एचआरवालेही इथे गोंधळतात. इंदूरच्या शाळेत परदेशी पासपोर्टचं माणूस रोज रोज येत नाही. भारतीय शिक्षकाचा पीएफ बऱ्याच शाळा १५,००० च्या मर्यादेवरच कापतात, म्हणजे १,८०० त्याचे आणि १,८०० शाळेचे. परदेशी पासपोर्ट असलेला कर्मचारी मात्र पीएफ योजनेत 'इंटरनॅशनल वर्कर' ठरतो आणि त्याला ही मर्यादा नाही. १ ऑक्टोबर २००८ पासूनचा हा नियम आहे. पूर्ण वेतनावर १२ टक्के, म्हणजे २९,००० वर ३,४८० सूनबाईंचे आणि ३,४८० शाळेचे. ओसीआय कार्ड असलं तरी इथे पासपोर्टच बघितला जातो. कार्ड पाहून एचआर त्यांना भारतीय कर्मचाऱ्यांसारखंच १,८०० वर बसवतं आणि दोन-तीन वर्षांनी तपासणीत फरक निघतो. मग व्याज आणि दंडाची नोटीस शाळेला येते आणि रुसवाफुगवा शिक्षिकेवर निघतो. रुजू होण्यापूर्वीच हे लेखी सांगून ठेवलेलं बरं. हा नियम वैध आहे का यावर न्यायालयांत मतभेद आहेत. कर्नाटक उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये तो रद्द ठरवला, आणि ते प्रकरण बेंगळुरूच्या एका आंतरराष्ट्रीय शाळा चालवणाऱ्या संस्थेचंच होतं. दिल्ली उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये तो योग्य ठरवला. पण मध्य प्रदेशातल्या शाळेनं त्या भांडणात न पडता नियमाप्रमाणे भरणंच शहाणपणाचं.

पैसे अडकतील या भीतीनं बरेच परदेशी शिक्षक पीएफ टाळायला बघतात. ज्या देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार नाही, त्यांच्या नागरिकांना तो साधारणपणे ५८ वर्षांनंतरच काढता येतो, म्हणून ही भीती खरी आहे. फ्रान्सशी मात्र करार आहे, तो १ जुलै २०११ पासून लागू आहे. त्यामुळे नोकरी संपल्यावर सूनबाईंना पैसे काढता येतील. एक मात्र बघा: शाळेच्या वाट्याचे ३,४८० त्या ५८,००० मध्येच धरले आहेत की वरून देणार? "सीटीसी ५८,०००" (म्हणजे शाळेच्या वाट्यासह एकूण खर्च) असं असेल तर हातात येणारी रक्कम ५१,०४०, आणि त्यातूनही व्यवसाय कर जातो. "ग्रॉस ५८,०००" (शाळेचा वाटा वरून) असेल तर ५४,५२०. एका शब्दानं वर्षाला ४१,७६० रुपये इकडचे तिकडे होतात.

यातच नावाची भानगड. आपल्याकडे सून आली की आधारवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावायची घाई होते. फ्रेंच पासपोर्टवर बाईचं जन्माचंच आडनाव असतं, नवऱ्याचं हवं असेल तर जोडीला घालता येतं. मग पासपोर्ट आणि ओसीआय कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं, अशी अवस्था होते आणि पीएफचं खातं जुळत नाही. फ्रेंच नावातल्या अक्षरांवरच्या खुणा आणि दोन नावांमधली छोटी रेघ हीसुद्धा एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. पासपोर्टाच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांतलं स्पेलिंग प्रमाण मानून आधार, पॅन आणि बँकखातं आधी सारखं करून घ्या. रुजू झाल्यावर हे करत बसलं तर दोन पगार अडकतात.

विमानाच्या भाड्यावर शाळा पहिल्यांदा "नाही"च म्हणेल. इथे ठाम राहावं. घर इथे आहे म्हणून माहेर जवळ येत नाही. फक्त मागणी नीट बांधलेली हवी. प्रवास इंदूरपासून इंदूरपर्यंत लिहून घ्या. "मुंबई-पॅरिस" लिहिलं की इंदूर-मुंबई आणि पॅरिस-लियों दोन्ही स्वतःच्या खिशातून जातात. प्रत्यक्ष तिकिटापेक्षा ठरावीक रक्कम बरी, म्हणजे तिकीट लवकर काढून वाचलेले पैसे सूनबाईंचेच राहतात. रक्कम मार्चमध्ये हातात यावी, कारण मे-जूनची तिकिटं एप्रिलमध्ये महागतात. एखाद्या वर्षी जाणं झालं नाही तर रक्कम पुढच्या वर्षात जमा व्हावी. कराची काळजी या पगाराला करू नका. परदेश प्रवासाचं भाडं करपात्र उत्पन्नातच धरतात, पण ६.९६ लाख पगार आणि ९०,००० भाडं मिळूनही नव्या कररचनेतल्या १२ लाखांच्या सवलतीच्या बरंच आत राहतं. ज्यांचा पगार त्यापलीकडे आहे त्यांनी मात्र ही रक्कम कर भरून हातात किती येणार हे विचारावं.

भाडं पूर्ण मिळत नसेल तर निम्मं घ्या आणि उरलेल्याच्या बदल्यात रजा मागा. आमच्या मते परदेशी शिक्षिकेनं मागायची सर्वांत मोलाची गोष्ट रजाच आहे. शाळेला तिचा खर्च जवळजवळ काहीच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीला जोडून पाच प्रवासाचे दिवस. नाताळच्या आठवड्यात शाळा चालू असेल तर २४ डिसेंबरपासून एक आठवडा. आणि आई-वडिलांच्या आजारपणात किंवा मृत्यूत दहा दिवसांची वेगळी रजा, कारण नेहमीच्या नियमातली तीन दिवसांची रजा लियोंला पोचून परत येण्यातच संपते. ही शेवटची रजा ऐनवेळी मागायला गेलं तर "बघू" असं उत्तर मिळतं. ती आधीच कागदावर असली तर फक्त कळवायचं राहतं.

विम्यात नुसता "मेडिकल आहे" या उत्तरावर थांबू नका. तुमच्या मुलाच्या ऑफिसची पॉलिसी असेल आणि तिच्यात बायको-मूल धरलेले असतील, तर शाळेच्या गट विम्यात तेच पुन्हा मिळून फायदा थोडा. शिवाय भारतातला गट विमा सहसा फ्रान्समधल्या उपचाराचे पैसे देत नाही. परदेशात राहणाऱ्या फ्रेंच नागरिकांसाठी सीएफई नावाची ऐच्छिक विमा संस्था आहे. तिच्या हप्त्याचा काही भाग शाळेनं द्यावा, किंवा निदान दर वर्षीच्या भेटीपुरता प्रवास विमा काढून द्यावा, असं मागता येईल. ३०,००० च्या आसपास मागणी ठेवली तर शाळेला जड जात नाही.

नातवाची फी हा विषय आज दूरचा वाटेल, पण दीड-दोन वर्षांत नर्सरी येतेच. आंतरराष्ट्रीय शाळेत फीची सवलत पगारवाढीपेक्षा मोठी ठरते. टक्केवारी विचारा, आणि ती फक्त शिकवणी फीवर की बस, जेवण, अनामत यांवरही, हे विचारा. प्रवेशाची हमी आहे का? दुसऱ्या मुलाला किती? आई प्रसूती रजेवर असताना सवलत चालू राहते का? सत्राच्या मध्येच नोकरी सोडली तर मागची फी वसूल करणार का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच ठिकाणी "हो" असतं आणि ते सही झाल्यावर कळतं.

प्रशिक्षणाचं मागणं शाळेला आवडतं, कारण त्यात तिचाही फायदा आहे. मुलांना डेल्फ या फ्रेंच भाषेच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेला बसवणाऱ्या शाळेकडे पालक आकर्षित होतात. सूनबाईंकडे डेल्फच्या परीक्षक-तपासनिसाची मान्यता नसेल तर ती घ्यायचा खर्च शाळेनं करावा. ही मान्यता पाच वर्षं टिकते. आलियांस फ्रान्सेझ ही फ्रेंच शिकवणारी संस्था भोपाळमध्ये आहे, त्यामुळे मागणी फार दूरची नाही. परीक्षेच्या दिवसांची 'ऑन ड्यूटी' रजाही सोबत लिहून घ्या. प्रशिक्षणाच्या बदल्यात शाळा बाँड मागेल. प्रत्यक्ष खर्चाएवढा आणि एका वर्षाचा असेल तर मान्य करावा, तीन वर्षांचा नाही.

इथे एक गोष्ट मोजून ठेवा. सूनबाई सध्या घरून फ्रेंचच्या शिकवण्या घेत असतील तर नोकरीनंतर ते उत्पन्न थांबवावं लागेल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नं शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवण्यांना मनाई आहे. हे उत्पन्न महिना किती होतं ते काढा. पगार ठरवताना तो खरा आकडा तुमच्या बाजूला असतो.

आणखी एक छोटी मागणी, जी कोणी करत नाही: वर्षातून एकदा सीएची फी. चार वर्षं इथे राहिल्यावर सूनबाई कराच्या दृष्टीनं पूर्ण निवासी आहेत. म्हणजे फ्रान्समधलं बचत खातं, त्यात थोडेच युरो असले तरी, भारतातल्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं. फ्रान्समध्ये त्या खात्याच्या व्याजावर कर नसला तरी इथे ते उत्पन्नात धरतात. साधं आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. शाळेचा हिशेबनीस सगळ्या शिक्षकांचं आयटीआर-१ भरून देतो आणि इथेच चूक होते. परदेशातली रक्कम मोठी असेल तर न दाखवल्याचा दंडही मोठा आहे.

आता बोलायचं कसं ते. पहिल्या दोन दिवसांत नियुक्तीपत्राचा मसुदा आणि शाळेचे सेवा नियम लेखी मागवा. नियम वाचल्याशिवाय कुठलाही आकडा बोलू नये, कारण अर्ध्या गोष्टी नियमात आधीच असतात आणि त्या मागण्यात शब्द वाया जातात. पदव्यांचे कागदही तयार ठेवा: फ्रान्समधून अपोस्टिल (परदेशात चालणारं अधिकृत प्रमाणीकरण) केलेली पदवी आणि भारतीय समकक्षतेचं प्रमाणपत्र. हे आधी एआययू (भारतीय विद्यापीठांची संघटना) देत असे, २०२५ पासून यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नवे नियमही आले आहेत. समकक्षता नसेल तर शाळा "बी.एड. नाही" म्हणून खालच्या श्रेणीत बसवते, आणि मग सगळी बोलणी चुकीच्या पायरीवरून सुरू होतात.

मग एका पानावर मागण्या लिहून भेट घ्यावी. एचआरकडे श्रेणी बदलायचा अधिकार नसतो, भेट प्राचार्यांशी हवी. सुरुवात सूनबाईंनी अशी करावी, हिंदीत म्हणा नाहीतर इंग्रजीत: "मला फ्लॅट नको, व्हिसाचा खर्च नको, आणि मी दोन वर्षांत परत जाणार नाही. त्या बदल्यात पूर्ण १२ महिन्यांचा करार, माहेरी जायचं विमानभाडं आणि आरोग्य विम्याचा हिस्सा, या तीन गोष्टींचा विचार व्हावा." मुख्य मागण्या तीनच. रजा, प्रशिक्षण, सीए ही दुसरी फळी. भाडं नाकारलं की ती पुढे करायची. बाराव्या महिन्याचा पगार ५८,०००, भाडं ९०,०००, विमा ३०,००० आणि प्रशिक्षणाला २०,००० धरले तर १,९८,००० होतात. फ्लॅट आणि विमानाच्या वाचलेल्या ३,९०,००० च्या निम्म्याच्या जवळपास. पीएफ आणि बेसिक या यादीत घालू नका. ती कायद्याची देणी आहेत, त्यांची बोलणी करायची नसते. त्या वेगळ्या ईमेलनं फक्त कळवायच्या.

भेटीत "ठीक आहे, बघू" असं तोंडी ठरलं तर त्याच संध्याकाळी ईमेल जावा: आज आपलं असं असं बोलणं झालं, नियुक्तीपत्रात हे यावं. प्राचार्य बदलतात, ईमेल राहतो.

घरच्यांबद्दल मोकळेपणानं लिहितो, रागावू नका. भेटीला तुम्ही किंवा मुलगा जाऊ नका. नवरा शेजारी बसला की प्राचार्य त्याच्याशीच बोलतात आणि "घर तर आहेच" हे वाक्य त्याच्याच तोंडून निघतं. इंदूरच्या मराठी मंडळींत शाळेच्या ट्रस्टवर कोणी ना कोणी ओळखीचं निघतंच. तो शब्दही टाकू नका. ओळखीनं मिळालेल्या नोकरीत पुढे पगार थकला तरी तक्रार करता येत नाही, आणि सूनबाईंची किंमत त्यांच्या कामावरून न होता तुमच्या नात्यावरून होते. मुलाला इतकंच समजावा, की आपलं घर आपण सुनेसाठी ठेवलंय. शाळेचा फ्लॅटचा खर्च वाचवणं हे काही त्या घराचं काम नाही. आणि वाईट दिसायचं म्हणाल, तर लेखी, शांत आणि एकदाच केलेली मागणी वाईट दिसत नाही. रुजू झाल्यावर दर महिन्याला केलेली कुरकुर दिसते.

सही करण्याआधी चार गोष्टी करारात तपासा. नोटीस दोन्ही बाजूंना सारखीच असावी. शिक्षिकेला तीन महिने आणि शाळेला एक, असं नको. मूळ प्रमाणपत्रं शाळेनं पाहून परत द्यावीत, ठेवून घेऊ नयेत. पासपोर्ट आणि ओसीआय कार्डाची फक्त छायाप्रत. पगारातून "सुरक्षा ठेव" कापायचं कलम असेल तर ते काढायला सांगा. आणि एक वाक्य घालून घ्या: कुटुंबासोबत राहणं काही कारणानं बंद झालं तर त्या तारखेपासून राहण्याच्या भत्त्याचा पुन्हा विचार होईल. मुलाची बदली झाली, तुमचं घर पुनर्बांधणीला गेलं, काहीही होऊ शकतं. आज घर सोडून देताना हे वाक्य फुकट मिळतं, दोन वर्षांनी मिळणार नाही.

कार्डाबद्दल दोन ओळी. पती-पत्नी म्हणून मिळालेलं ओसीआय लग्न कायम असेपर्यंतच चालतं, घटस्फोट झाला तर ते रद्द होऊ शकतं. हे सूनबाईंना ठाऊक असावं, लपवायची गोष्ट नाही. फ्रेंच पासपोर्ट नवा निघाला की तीन महिन्यांच्या आत नवा पासपोर्ट, नवा फोटो आणि लग्न कायम असल्याचं घोषणापत्र ओसीआयच्या पोर्टलवर चढवावं लागतं. सरकारी शाळेच्या कायम पदावर ओसीआयधारकाला भारतीय नागरिकासारखा हक्क नाही, त्यामुळे त्या जाहिरातींच्या आशेवर ही संधी लांबवू नका. तुमच्या ओळखीत कोणाचं कार्ड अजून आलं नसेल आणि पत्नी म्हणून एंट्री व्हिसा असेल, तर त्यावर नोकरीची मुभा आहे असं गृहीत धरू नये. व्हिसावरचा शेरा वाचावा आणि ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवरून लेखी परवानगी हातात आल्यावरच रुजू व्हावं. कार्डासाठी अर्ज करताना लग्न नोंदवलेलं आणि सलग दोन वर्षं झालेलं लागतं.

दहा दिवसांपैकी नियम मागवायला आणि वाचायला तीन द्या, हिशेब आणि ते एक पान करायला दोन, भेट सहाव्या-सातव्या दिवशी. शाळेनं विचाराला वेळ मागितला तर द्या, फक्त उत्तराची तारीख ईमेलमध्ये लिहून घ्या.